मान पाह्यली का, वसंता?

हिरामण गेल्याची बातमी माझ्यापर्यंत ओरडूनच आली. मी ड्युटीवर होतो, टर्बाइन भरात होतं. एक सहकारी धावत आला, काहीतरी बोलला, मला फक्त ओठ हललेले दिसले. मग त्यानं माझ्या कानाला तोंड लावलं आणि जीव खाऊन ओरडला, "हिरामणभाऊ गेलाऽ! नागपूरहून फोन आला!" माणूस गेल्याचं लोक हळू आवाजात सांगतात, खांद्यावर हात ठेवतात... आमच्या नशिबी तेही नाही. मी हातानंच 'कळलं' अशी खूण केली आणि मीटरकडे बघत उभा राहिलो. त्याला आता काही आठवडे झाले, पण माझं बूड एका जागी टेकत नाही. जेवता जेवता उठतो, अंगणात जातो, परत येतो. बायको म्हणते, "हिरामणभाऊची सवय लागली तुमाले."

सवय त्याचीच. हिरामण रामटेके आणि मी ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात एकाच सुमारास लागलो, क्वार्टरही समोरासमोर. पायाला भिंगरी म्हणतात ना, तसला गडी. खुर्चीवर बसला तरी गुडघा हलत राहायचा, समोरच्या कपातला चहा सांडायचा. या माणसाला नाद कसला लागावा, तर पक्षी बघायचा! ज्याला घटकाभर गप्प बसवत नाही, त्यानं तळ्याकाठी तासन् तास बसायचं! नागपूरच्या जुन्या बाजारातून एक दुर्बीण आणली आणि तेव्हापासून त्यानं माझ्या सुट्ट्यांचं वाटोळं केलं. आमचं गाव नागभीडजवळचं. तिथल्या बोडीत, म्हणजे धानाला पाणी देणाऱ्या तळ्यात, मी लहानपणी म्हशी धुतल्या. आता त्याच बोडीवर बदकं मोजायला मी चांदा फोर्टहून छोट्या रेल्वेनं जायचं! माझी आई कपाळावर हात मारायची.

आमची मोठी अडचण म्हणजे आमचे आवाज. मशीनजवळ काम करणारा माणूस घरात मीठ मागतो तेही शेजाऱ्याला ऐकू जातं. पहिल्या खेपेला हिरामण नुसता "वसंता, बस इथी" म्हणाला आणि अर्धी बोडी उडाली. तेव्हा आम्ही ठरवलं, पाळीवर, म्हणजे बोडीच्या बांधावर, चढलं की तोंड बंद. ड्युटीवर करतो त्याच हातखुणा करायच्या. दोन बोटं डोळ्यांकडे म्हणजे बघ, मूठ आवळली म्हणजे थांब. बरं चाललं होतं.

त्याच्या डोक्यात एकच भूत होतं, काळा करकोचा. आपल्याकडे दिसतो त्याची मान पांढरी, लोकरीचा मफलर गुंडाळल्यासारखी. काळ्याची मानही काळी. पाठीवरून दोघांत गफलत होते, सगळा फरक मानेत. आपल्या चांद्याकडे काळा कोणी पाहिल्याचं त्यानं ऐकलं नव्हतं, म्हणून त्याला तो पाहायचाच होता. आणि एका पौषातल्या सकाळी, धान कापून झालेलं, पाण्यावर धुकं, तो आलाच. बोडीच्या पल्याडच्या काठावर उतरला. दुर्बीण हिरामणच्या डोळ्यांना होती. मी मूठ आवळलेली. आणि हा शहाणा सगळ्या खुणा विसरला. "वसंताऽ! मान पाय बे, मान!"

सगळी बोडी उठली. बदकं, बगळे, सगळं. दुर्बिणीचा पट्टा याच्या गळ्यात, वरून मफलर, पट्टा मफलरात अडकलेला. मी ओढतोय, तो "थांब, थांब" करतोय... दुर्बीण माझ्या डोळ्यांना लागली तेव्हा मोहाच्या झाडांवरून एक काळी पाठ चालली होती. पाठ! मान गेली ती गेलीच.

नागपूरला एक जाणते पक्षीअभ्यासक होते. हिरामण मला घेऊन त्यांच्याकडे गेला. भला माणूस, चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "या भागाला नवा पक्षी आहे, एकट्यानं पाहिलेला नोंदीत धरता येत नाही. चिखलानं माखलेली पांढरी मान असेल. यांनी पाहिला का?" मी ताडकन म्हणालो, "हो तर! काळी कुळकुळीत मान होती." हिरामणनं कप खाली ठेवला. "नाई साहेब. यानं पाठ पाह्यली. मान नाई पाह्यली."

बाहेर रस्त्यावर मी त्याला असा झापला म्हणता! "अबे, तुह्यासाठी बोललो न मी! हरिश्चंद्राचा नातू आहे का तू?" तो गुडघा हलवत बसची वाट बघत होता. म्हणाला, "तू पाह्यला म्हणशीन, त मंग तू कायले येशीन बोडीवर? मले तुले दाखवाचा आहे बावा." मी खोटं बोललो याचा मला आजही पस्तावा नाही. पण त्याचं ते वाक्य मला झोपू देत नाही, हेही खरं.

त्यानंतर दर हिवाळ्यात आम्ही गेलो. हिरामणनं पट्टा पुन्हा कधी गळ्यात घातला नाही. दुर्बीण हातातच धरायची, काही हललं की क्षणभर बघायचं आणि तडक उजवीकडे माझ्या छातीशी आणायची. एकदा निसटून चिखलात पडली, एका बाजूची काच तडकली, तरी पट्टा लोंबतच राहिला. पुढे पुढे मलाही तीच सवय लागली. बघायचं आणि द्यायचं. तो करकोचा मात्र आला नाही.

दिवाळीआधी त्याला कावीळ झाली आणि ती वाढतच गेली. मी नागपूरला दवाखान्यात गेलो तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे, पण चादरीखाली गुडघा हलत होता. हळू बोलायला लागला होता. मी कान त्याच्या तोंडाशी नेला. "छोटी गाडी टायमावर येऊन राह्यली का?" मी म्हटलं, "कधी येत होती?" तो हसला. मग दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे नेली आणि खिडकीबाहेर दाखवली. बघ.

तेराव्याबिराव्याचं त्यांच्यात नसतं. बुद्धवंदना झाल्यावर त्याच्या बायकोनं, शालूवहिनींनी, बुद्धाच्या तसबिरीशेजारच्या खिळ्यावरची दुर्बीण काढून माझ्या हातात दिली. "घेऊन जा भाऊ. घरात टांगून काय करू मी तिले?"

गेल्या रविवारी एकटाच गेलो. गाडीत बसवलं नाही, दारातच उभा राहिलो. बोडीवर तेच धुकं. उन्हं जरा वर आली आणि पल्याडच्या काठावर एक काळा, उंच पक्षी उतरला, माझ्याकडे पाठ करून. मी दुर्बीण लावली. काळी पाठ, लाल पाय. तो मान वळवायला लागला...

आणि माझा हात दुर्बिणीसकट डावीकडे गेला. "घे, हिरामण."

तेही टर्बाइनच्या आवाजात. सगळी बोडी उठली. पुन्हा डोळ्यांना लावेपर्यंत मोहाच्या झाडांवर नुसती पाठ उरली होती. मी पाळीवर मटकन बसलो आणि पोरासारखा रडलो. नाई रे बावा. पाठ पाह्यली. मान नाई पाह्यली.

येत्या रविवारी पुन्हा जातोय.