धोकादायक ठरलेला आवाज

दिगंबर सर हेडफोन एकाच कानाला लावत. दुसरा कान मोकळा. कोणी विचारले तर म्हणत, "एक कान बाईला, एक माणसांला. दोन्ही बाईला दिले तर संसार बुडतो." ही बाई म्हणजे त्यांच्या संगणकातला आवाज. पडद्यावरचा मजकूर आणि दाबलेली प्रत्येक कळ ती उच्चारून दाखवी, तीही इतक्या वेगाने की आम्हा डोळसांना नुसती गुणगुण ऐकू येई.

लातूरच्या ज्या क्लासमध्ये ते वनस्पतिशास्त्राचे प्रश्न काढत, तिथले संगणक माझ्या देखरेखीखाली होते. कॉलेजात असताना भूकंपात माळवदाची तुळई डोक्यावर पडून सरांची दृष्टी गेली. पुढे कित्येक वर्षे ते दुसऱ्यांकडून वाचून घेत. "वाचणारा कंटाळला की धडा संपायचा," ते सांगत. "ज्याची त्याची मर्जी सांभाळा. बाई आली अन् मी सुटलो." तो प्रोग्रॅम त्यांच्याच एका अंध मित्राने तयार केला होता.

शहरात क्लासेस वाढले, तसा पेपरफुटीचा धसकाही वाढला. आमच्या संचालकांनी सर्व संगणकांवर नवे सुरक्षा सॉफ्टवेअर बसवले. दुसऱ्या दिवशी सरांची हाक आली, "सर, बाई बोलंना गेली." पडद्यावर लाल चौकट होती: धोका आढळला, प्रोग्रॅम काढून टाकला. हेरगिरीचे प्रोग्रॅम चोरून कळा ऐकतात. बाई त्या उघडपणे ऐकत होती. सॉफ्टवेअरला हा फरक कळत नव्हता. मी तिला परत बसवले. थोड्या वेळाने ती पुन्हा काढली गेली.

सर हसले. "भ्यालेलं हाय ते. भूकंपानंतर ट्रक गेला तरी आमची माय अंगणात पळायची. तिला दम देऊन उपयोग न्हाई, समजावून सांगा."

समजावण्याचा मार्ग होता: या एका प्रोग्रॅमला सूट देणे. त्याचा पासवर्ड मात्र संचालकांकडे होता. ते आले आणि सरांसमोरच्या खुर्चीशी उभ्याउभ्याच म्हणाले, "कळ न् कळ ऐकतो म्हणता, अन् सूट द्या म्हणता? ह्या मशीनवर टेस्टचे पेपर असतेत, मास्तर."

"साहेब, मला तपासा, मशीन तपासा. इंटरनेटची वायर काढून घ्या. पण तिला बोलू द्या."

"नियम सगळ्यांला एकच. वाचायला एखादं पोरगं देतो की."

"पोरगं नको, साहेब." सर उठून उभे राहिले. "लई वर्षं काढली तशी. पुन्हा न्हाई जमायचं. हात जोडतो."

संचालक तोवर हळूच खिडकीशी गेले होते. सरांचे हात रिकाम्या खुर्चीला जोडले गेले. ते मला पाहवले नाही. मी म्हणालो, "अहो, आंधळा माणूस आहे. तो काय चोरणार?"

संचालक हसले. "ते बी खरंच की." त्यांनी पासवर्ड टाकला. हेडफोनमधून बाईची गुणगुण सुरू झाली.

सरांनी हेडफोन उचललाच नाही. काठी चाचपून ते बाहेर पडले. मी मागोमाग गेलो. "सर, काम झालं की!"

"झालं." ते थांबले. "साहेबांनी मला चोर समजलं, सर. चोर म्हंजे काहीतरी करू शकणारा माणूस. तुमी तेवढं बी ठेवलं न्हाई."

ते किनवटकडच्या एका निवासी शाळेत शिकवायला गेले. तिथे संगणक नव्हता. मुलेच त्यांना वाचून दाखवत, असे कानावर आले. माफी मागण्यासाठी मी एकदा नांदेडपर्यंत गेलो आणि धीर न झाल्याने तिथूनच परतलो. पुढे ते त्या शाळेतच वारले.

आज पन्नाशी उलटल्यावर, त्या खोलीत मी काय म्हणायला हवे होते ते शोधावे लागत नाही. "मी यांना ओळखतो. हे असे करणार नाहीत." वाक्य सोपे होते, आणि खरेही होते. इतकी वर्षे त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसूनही, ऐन वेळी मला त्यांचे फक्त आंधळेपण आठवले.