फाटला कोणाचा सूर

ताईच्या गळ्यातली गाठ काढून आठ महिने झाले होते, आणि आवाज अजून पुरता परतला नव्हता. चिखलीतल्या आमच्या गाण्याच्या पार्टीत ती गाते आणि मी इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. ती गाते तीच चाल मी तिच्या मागोमाग ओढतो. बुद्धपौर्णिमेला देऊळगाव राजाकडच्या एका गावात, विहारासमोर, सकाळचा कार्यक्रम ठरला. ऑपरेशननंतरचा पहिलाच. ताईने मला आधीच सांगून टाकलं, "या टायमाले गळा फाटला तं मी पुन्हा माईक हातात घेणार नाही." ती बोलली की करते. म्हणून तिच्यापेक्षा जास्त धास्ती मी घेतली होती.

त्यात महिनाभर आधी मी नवी गिटार आणून बसलो होतो.

जुन्या गिटारला पॅसिव्ह पिकअप. म्हणजे तारांखाली चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार, बाकी काही नाही. आवाज गोड, जरासा मातकट. बोट हलकं टेकवलं तर हलका, जोरात ओढलं तर खरखरीत. पण ट्यूबलाइट, जनरेटर, मंडपातल्या वायरी, सगळ्यांची गुणगुण ती अंगावर घेते. वाजवायचं थांबलं की स्पीकरच्या बॉक्समधून घूं सुरू. नवीला अ‍ॅक्टिव्ह पिकअप: आत छोटं सर्किट, मागच्या कप्प्यात नऊ व्होल्टची बॅटरी. गुणगुण अजिबात नाही, प्रत्येक सूर इस्त्री केल्यासारखा. मी तर हरखून गेलो होतो.

तालमीत ताईने दोन्ही ऐकल्या. "नवी चांगली हाये," ती म्हणाली, "पण मी हळू झाली तरी थे हळू होत नाही. सारखी समोर समोर येऊन राह्यली."

"अन् जुनीची घूं चालते तुले?"

"तिची सवय हाये मले. तिच्यात माह्या आवाजाले जागा भेटते."

खरं सांगायचं तर तिचं बरोबर होतं. मऊ वाजवा नाहीतर जोरात वाजवा, नवीतून दोन्ही जवळपास सारखंच बाहेर पडायचं. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गाढवाला गुळाची चव काय, असं मनात म्हणून मी कार्यक्रमाला नवीच न्यायचं ठरवलं. जीपमध्ये बसताना पाहिलं तर ताईने जुनीही मागे ठेवलेली. "कशाले हे ओझं?" मी कुरकुरलो. तिने जीपचं दार ओढून घेतलं.

पहिलं गाणं निभावलं. दुसऱ्या गाण्याची चाल वर चढते. ताई चढली, मी मागोमाग चढलो, आणि दोघांचा आवाज एकत्र येणाऱ्या बॉक्समधून सूर चरकन फाटला. ताईचा हात गळ्याकडे गेला. तिने पुन्हा ओळ धरली, पुन्हा फाटला. ती थांबली.

तो माझ्या गिटारचा आवाज होता. दुसऱ्या वेळी मला पक्कं कळलं, बॅटरी मरत होती. जुन्या गिटारचं सॉकेट ढिलं, म्हणून तिची वायर मी कधी काढतच नसे. वायरीसकट खुंटीला टांगायचो. त्याच सवयीने नवीही महिनाभर तशीच टांगली. अ‍ॅक्टिव्ह गिटारला वायर खुपसली की बॅटरी उतरायला लागते, हे विकणाऱ्याने मला दोनदा बजावलं होतं.

कळलं, आणि मी गप्प बसलो. ज्या गिटारची एवढी फुशारकी मारली, ती भर मंडपात अशी तोंडावर पाडते हे कबूल करवेना. आयोजकांनी माईक घेतला, ताईंची तब्येत अजून नाजूक आहे म्हणाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दयेच्या टाळ्या ऐकत मी खाली मान घालून तारा पुसत होतो. अजून ते आठवलं की स्वतःची किळस येते.

ताई मंचामागे जाऊन उभी राहिली. आमच्या पार्टीतल्या ढोलकीवाल्याला म्हणाली, "भाऊ, आता तुम्ही दुसरी गाणारी पाहा." अगदी शांतपणे म्हणाली. तेव्हा कुठे माझी जीभ सुटली.

"ताई, तुह्या गळ्याचं नाही. माह्या गिटारचं होतं. बॅटरी उतरली."

"कव्हा समजलं तुले?"

"तव्हाच."

"मंग काऊन नाही बोलला बे?"

तिने माझ्याकडे पाहिलं ते मला झेपलं नाही. मग म्हणाली, "माईकवर सांग."

सांगितलं. कोणीतरी हसलं, बहुतेकांना काही समजलं नाही, पण माझं नाक कापायचं तेवढं कापलं गेलं. जुनी गिटार लावली, वायर वाकडी धरून टेप मारली. बॉक्समधून घूं सुरू झालं आणि ताईने डोळे मिटून तीच ओळ घेतली.

चाल चढायला लागली तशी मी बोटं अगदी हलकी केली, आणि जुनी माझ्याबरोबर मागे सरकली. शेवटच्या कडव्यात, त्याच जागी, सूर पुन्हा फाटला. बारीकच. ताईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. कोणाचा, एवढंच ती विचारत होती. गिटारचा म्हटलं असतं तर तिने तेही मानलं असतं. क्षणभर तसं करावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मी नकारार्थी मान हलवली. माझा नव्हता.

तिचा हात गळ्याकडे निघाला, अर्ध्यावरून खाली आला, आणि तिने ती ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली.