अळिवाचा डबा

बाळंतिणीचं खाणं बाळंतिणीच्याच पोटात गेलं पाहिजे. इतकं साधं वाक्य आमच्या पत्रकात नव्हतं. "आईचे दूध हा बाळाचा हक्क आहे!" हे होतं, ठळक अक्षरात. आईच्या ताटाबद्दल मात्र एक ओळ नव्हती. आमच्या महिला मंडळातर्फे मी ही पत्रकं दारोदार वाटत असे. ताईला मुलगी झाल्याचं कळलं तेव्हा त्यातलाच एक गठ्ठा घेऊन मी सिल्वासाला निघाले. दुसऱ्या हातात आईने दिलेला पत्र्याचा डबा होता.

खरं तर हे बाळंतपण आमच्याकडे कोकणात व्हायचं. पण शेवटच्या महिन्यांत ताईचे पाय सुजले आणि डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली. लेक येत नाही म्हटल्यावर आईने अळीव भाजले, डिंक तळला, टिकावेत म्हणून सुकं खोबरं घातलं आणि लाडू वळले. वापीला उतरून मोटारीने सिल्वासाला पोचेपर्यंत तो डबा मी मांडीवरून खाली ठेवला नाही.

भाऊजी तिथल्या शाळेत मास्तर. पोर्तुगीज जाऊन फार काळ लोटला नव्हता, शाळा-कचेऱ्या नव्याने भरत होत्या आणि मुंबईहून, कोकणातून माणसं येत होती. सिल्वासातच टोकरखाड्याला ताईचं बिऱ्हाड दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खुर्च्या आणि ताईची खाट, मागे स्वयंपाक. सोबतीला तिच्या सासूबाई, माई.

संध्याकाळी कचेरी सुटली की माणसं बाळ बघायला येत. आमच्याकडे रीत आहे, बाळ बघायला आलेल्याच्या हातावर बाळंतिणीचा लाडू ठेवायचा. गावाकडे येऊन येऊन किती येणार? चार घरची माणसं. इथे अख्खी कचेरी आणि अख्खी शाळा आली. बायकापोरांसकट आली, आणि लाडू चांगले आहेत म्हणून परतही आली. शेजारच्या गुजराती बेन तेवढ्या लाडवाला हात लावायच्या नाहीत. "सुवावडनुं छे," बाळंतिणीचं आहे, असं म्हणून चहा पिऊन उठायच्या. माईंना तो मानीपणा वाटे.

मी भिंतीला पत्रक चिकटवलं. हेडक्लार्कसाहेबांनी लाडू खात खात ते मोठ्याने वाचलं.

"छपाई सुरेख आहे," म्हणाले. "आणि लाडूही."

"लाडू तिच्यासाठी आहेत," मी म्हणाले.

सगळे हसले. माईंनी मला आत बोलावलं. "अगं ए पत्रकवाली, परक्या मुलखात ही माणसं म्हणजेच आपलं गणगोत. त्या रात्री हिला कळा लागल्या तेव्हा जीप कोणी आणली? त्या हेडक्लार्कनेच ना? त्याला काय नुसता चहा पाजू?"

"मग मी दुसरं काहीतरी करते. पोहे करते."

"बाळ बघायला आलेल्याला पोहे? तुझं लग्न होऊ दे, मग शिकव मला."

आणि बाहेरून ताईचाच आवाज, "दे गं, माझ्या वाटचा दे."

तिच्या वाटचा म्हणजे कुठला? तिच्या ताटात मऊ भात, मेतकूट, तूप. पालेभाजी बाधते म्हणून नाही. उठली की तिला भोवंड यायची. डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून बघितली आणि रक्त कमी आहे म्हणाले. अळिवाने रक्त भरतं; आईने डब्यात भरून पाठवलेलं ते हेच होतं की! डबा तिच्या खाटेखाली होता आणि तोंडं दुसऱ्यांची चालली होती.

दुसरं जे घडलं ते याहून वाईट. मुलगी संध्याकाळीच भुकेजायची, आणि खाटेसमोर तर पुरुष माणसं बसलेली. आत स्टोव्ह, धूर, चहा. ताई पाजणार कुठे? मुलगी रडून निळी व्हायची. हेडक्लार्कच्या बायकोने मायेनेच सांगितलं, "आमच्या मुंबईत सर्रास डब्याची पावडर देतात. संध्याकाळपुरती बाटली लावा. तुमचीही झोप होईल."

"पाजलं नाही तर दूध आटतं," मी म्हणाले.

"संध्याकाळपुरतीच हो!"

बाटली आली. ती उकळायला स्टोव्ह मोकळा लागतो, आणि स्टोव्हवर सदा चहाचं आधण. मुलीला जुलाब झाले. बाटलीने पोट भरतं म्हणून मग ती दुपारीही अंगावर ओढेना. ताईचा पदर भिजायचा, तो हळूहळू भिजेनासा झाला. माई भाऊजींना म्हणाल्या, "हिला मुळातच कमी आहे." मुळातच! मी भांडले, माझी सुट्टी संपली, मी परत आले.

आई दारातच उभी. "लाडू लागले ना गं तिला? दूध आलं?"

"पाहुण्यांना लागले," मी म्हणाले.

 दुसऱ्या दिवशी आईने सुपात अळीव घेतले आणि निवडायला बसली.

मला पुन्हा सुट्टी मिळाली ती थेट दिवाळीला; तेव्हा आईने लाडू वळले आणि तो दुसरा डबा घेऊन मी गेले. संध्याकाळी हेडक्लार्कसाहेब सहकुटुंब आले. ताईचा हात सवयीने डब्याकडे गेला. पावसाळाभर पोरीचे जुलाब निस्तरलेल्या माईंनी तो डबा उचलून स्वतःच्या मांडीशी घेतला.

"हे तिचे आहेत," त्या पाहुण्यांना म्हणाल्या. "तुम्ही चहा घ्या. आणि जरा लवकर उठा, तिला पोरीला घ्यायचंय."

याच वाक्यासाठी मी उन्हाळ्यात घसा फोडला होता. पाहुणे खरंच उठले. माईंनी दार लोटलं, ताईच्या हातात लाडू दिला आणि मुलीला तिच्या मांडीवर ठेवलं. मुलगी हडकुळी, डोळे तेवढे मोठे. ताईने लाडू बाजूला ठेवून तिला पदराखाली घेतलं. मुलीने तोंड लावलं, सोडलं, मान वळवली आणि कोनाड्यातल्या बाटलीकडे बघून रडायला लागली.

माईंनी पुन्हा एकदा तिचं तोंड लावून बघितलं. मग स्टोव्ह पेटवला आणि बाटली उकळत टाकली. चांगली खळखळून उकळली.

ताईने पदर सारखा केला. "आईला सांग, लाडू छान झालेत," म्हणाली, आणि बाजूला ठेवलेला लाडू एकेक घास चावून संपवला.