अलगदचा हात आणि इंजिनाचा आधार

अलगद हे काही त्याच्या आईबापानं ठेवलेलं नाव नव्हे. ते गिऱ्हाइकांनी दिलेलं. वस्तरा गालावरून कधी फिरला ते कळायचंच नाही. दाढी संपली की खुर्चीतला माणूस विचारायचा, "सुरू कधी करताय?" हा विनोद आधी कुणी एकानं केला, मग सगळ्यांनीच केला, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. ठेवणारे नाव ठेवून मोकळे होतात. ते सांभाळायचं काम मात्र ज्याचं त्याच्याकडे राहतं.

दुकान त्यानं कधीच बंद केलं होतं. ज्यांना दुकानापर्यंत येता येत नाही, त्यांच्या घरी तो जायचा. कुणाचं कंबरेचं हाड मोडलेलं, कुणाच्या नाकात नळी, कुणी नुसतंच म्हातारपणानं अंथरुणाला खिळलेलं. अशा माणसाची कातडी सैल असते, मान सरळ राहत नाही आणि मध्येच खोकला येतो. तिथं वस्तरा चालवणं ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे. अलगदला त्या कामाचा अभिमान होता, आणि तो असायलाच हवा होता. दाढी झाल्यावर आजारी माणूस आरशात बघून जरा बरा दिसतो, तेव्हा खोलीतली बाकीची माणसंही बरी दिसायला लागतात, असं तो म्हणायचा.

घरोघरी फिरायला त्याच्याकडे जुनी मोटरसायकल होती. उभी असली की खोकायची, निघाली की थरथरायची. गेलं वर्षभर गिऱ्हाइकाच्या दारी उतरला की अलगदचा उजवा हात थरथरायचा. मग तो जिन्याखाली उभा राहायचा, हात काखेत दाबून धरायचा. "हात निवू दे," असं स्वतःशीच म्हणायचा. सुरुवातीला लवकर निवायचा. पुढे पुढे जसजसा वेळ लागू लागला, तसतशा अलगदनं गाडीला घातलेल्या शिव्या वाढल्या. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण लोकांना पटकन म्हणतो. पण ज्याला जन्मभर उत्तम नाचता येत होतं, त्यानं एक दिवस पाय अडखळल्यावर आधी अंगणाकडेच बघायचं नाही तर कुठं बघायचं?

मग ड्रायव्हरकाकांकडे ते घडलं. काकांनी सगळी हयात बस चालवली होती आणि आता अर्धं अंग गेल्यामुळे खिडकीपाशी पडून असायचे. वाचाही जवळजवळ गेलेली. जबड्याखाली वस्तरा फिरवताना अलगदचा हात एकदम हलला आणि काकांच्या गळ्याशी रक्ताची रेघ उमटली. जखम बारीकच होती. पण अलगद तुरटी शोधेपर्यंत काकांनी आपला चांगला हात उचलून ते रक्त स्वतःच पुसलं, सुनेला दिसू नये म्हणून बोटं चादरीखाली नेली.

"गाडी फार हलते हो काका," अलगद म्हणाला. "हात बधिर होऊन जातो."

काका त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. ज्या माणसानं इंजिनाशेजारी बसून आयुष्य काढलं, त्याला गाडीचं गाऱ्हाणं सांगायचं म्हणजे माशाला पाणी ओलं असतं असं सांगण्यातला प्रकार. अलगदनं सामान गोळा केलं आणि तो मान खाली घालून निघाला. पुन्हा तसं झालं तर आपण या कामाला हात लावायचा नाही, हे त्यानं जिना उतरतानाच ठरवलं. आणि हे काम सोडून त्याला दुसरं काहीही येत नव्हतं.

गॅरेजवाल्यानं गाडीवर एक चक्कर मारली आणि म्हणाला, "ठणठणीत आहे. या गाड्या एवढ्या थरथरायच्याच." अलगदला ते मुळीच आवडलं नाही. डॉक्टरनं काही झालेलं नाही म्हणावं आणि आपल्याला राग यावा, तसं त्याचं झालं. तिथून तो तडक स्पेअर पार्टच्या दुकानात गेला. तिथं काचेच्या मागे एक जाड लोखंडी ब्रॅकेट टांगलेलं होतं, रबरी बुश घातलेलं, इंजिनाचं डोकं चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, घट्ट बांधून ठेवणारं. कंपनीचं नव्हतं, बाहेरचं होतं.

"कंपनीचा आधार पत्र्याचा असतो हो," दुकानदार म्हणाला. "हा बसवा. इंजिन जागचं हलणार नाही."

जागचं हलणार नाही, एवढंच अलगदला ऐकायचं होतं. गॅरेजवाल्याकडे नेलं असतं तर तो पुन्हा ठणठणीत म्हणाला असता. म्हणून त्यानं सुट्टीच्या दिवशी, जेवण झाल्यावर, घरामागच्या फरशीवर गाडी उभी केली आणि स्वतःच पाने घेऊन बसला.

बायको आतल्या खोलीत मशीनवर बसली होती. ती घरी शिलाई करायची. आख्ख्या गल्लीचे कपडे तिच्या हातून सैल नाहीतर घट्ट होत. बाहेरून ठोकाठोकी ऐकू आली तशी ती दारात आली.

"गाडी उघडताय ती बंद करता येईल ना?" तिनं विचारलं.

"तू तुझी टीप मार."

"मारतेच आहे. पण उरलेले नटबोल्ट मला द्या, बटणं म्हणून लावीन."

अलगद हसला नाही. त्यानं सीट काढली, पेट्रोलचा कॉक बंद करून टाकी उतरवली, इंजिनाखाली विटा रचून वर लाकडाचा ठोकळा सरकवला. जुना आधार सुटला तेव्हा खरंच पत्र्यासारखा हलका निघाला. तो हातात घेऊन अलगदनं बायकोला दाखवला, वकिलानं पुरावा दाखवावा तसा. "बघ. हे असलं लावून ठेवलेलं. मग हात हलणार नाही तर काय?"

बायकोनं तो घेतला, उलटा करून पाहिला आणि म्हणाली, "हं."

नवा आधार बसवताना मात्र त्याच्या नाकी नऊ आले. नट बोल्टाला लावायचा, तर तो आट्यावर बसायच्या आत बोटांतून निसटायचा. एक फरशीवरून घरंगळत मोरीपाशी गेला, दुसरा इंजिनाच्या पंखांत अडकला. "ग्रीस आहे हाताला," अलगद पुटपुटला. बायको खाली बसली. "माझी बोटं बारीक आहेत," असं म्हणून तिनं नट लावून दिले. अलगदनं चौदाचा पाना घेतला आणि चेसीकडचे दोन्ही बोल्ट, जीव खाऊन, करकचून आवळले.

आणि इंजिनाकडचा लांब बोल्ट आत जाईना. भोकासमोर भोकच येत नव्हतं, थोडक्यासाठी चुकत होतं. त्यानं ढकलून पाहिलं, हातोडीनं मारून पाहिलं, शेवटी गोल कानस घेतली.

"काय करताय?"

"भोक मोठं करतो. बाहेरचा माल असाच असतो."

"माल चांगला आहे. तुम्ही एका बाजूची पक्की शिलाई घालून बसलात आणि आता दुसरी बाजू जुळत नाही म्हणून कापड कापायला निघालात." तिनं त्याच्या हातातली कानस काढून घेतली. "सगळे सैल करा. आधी सगळीकडे कच्चे टाके घालायचे, मग बाही खांद्यावर नीट बसली का बघायचं, आणि मग टीप. हे मला कळतं, तुम्हाला कळत नाही?"

"हे लोखंड आहे, ब्लाऊज नाही."

"लोखंडाच्या बाबतीत तर जास्त कळायला हवं. ते ताणलं जात नाही."

अलगदनं बोल्ट सैल केले. बायकोनं इंजिनाला हातानं जरासं हलवलं, आणि तो लांब बोल्ट आपला आपण आत गेला, जणू इतका वेळ मुद्दाम दारात उभा होता. मग थोडा हा, थोडा तो, असे सगळे बोल्ट पाळीपाळीनं आवळले गेले. टाकी चढली, सीट चढली. शेवटी काहीही उरलं नाही हे पाहून बायको म्हणाली, "माझी बटणं गेली."

अलगद चक्कर मारायला गेला. मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्यानं वेग वाढवला आणि आरशात पाहिलं. एरवी त्या आरशात मागच्या गाड्यांचा नुसता काला दिसायचा. आज मागून येणाऱ्या टेंपोचा नंबर लख्ख वाचता आला. हँडल हातात शांत होतं. अलगदला इतका आनंद झाला की त्याचे डोळे भरून आले. आपण उगाच घाबरलो, सगळं ठीक आहे, असं त्याला मनापासून वाटलं, आणि येताना कोपऱ्यावरच्या दुकानात थांबून त्यानं फुगे घेतले.

"नातू आलाय वाटतं?" दुकानदारानं विचारलं.

"नाही. परीक्षा आहे," अलगद म्हणाला.

न्हाव्याचं पोर शिकतं ते फुग्यावर. फुगा फुगवायचा, त्याला साबणाचा फेस फासायचा आणि वस्तऱ्यानं तो फेस उतरवायचा. फुगा फुटला नाही तरच माणसाचा गाल हाती मिळतो. अलगदच्या बापानं त्याला असंच शिकवलं होतं. घरी येऊन त्यानं हात साबणानं स्वच्छ धुतले, फुगा फुगवला, फेस लावला. बायको मशीन थांबवून बघत होती. त्यानं वस्तरा टेकवला आणि फुगा फट्कन फुटला. फेस त्याच्या चष्म्यावर उडाला, भिंतीवर उडाला, शिवायला आलेल्या कुणाच्या तरी झग्यावर उडाला.

"फुगा पातळ होता," तो म्हणाला.

दुसरा पातळ नव्हता. तोही फुटला. तिसरा त्यानं फुगवलाच नाही. वस्तरा मिटायला गेला तर तोही नीट मिटेना. शेवटी त्यानं तो तसाच मशीनच्या फळीवर ठेवला आणि खाली बसला.

"गाडी आता हलत नाही," तो म्हणाला.

"नाही हलत," बायको म्हणाली.

"मग?"

बायको झग्यावरचा फेस पुसत राहिली. पुसून झाल्यावर म्हणाली, "सकाळी चहाची बशी वाजते तुमच्या हातात. गाडीला तोवर किल्लीसुद्धा लावलेली नसते."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले."

 त्याला राग आला होता, आणि लाजही वाटत होती. "तुला ठाऊक होतं, तर मग सगळी दुपार नट कशाला लावत बसलीस?"

"तुम्ही इतक्या आशेनं तो आधार आणलात. माझ्यानं बोलवेना." तिनं झगा बाजूला ठेवला. "आणि खरं सांगू? मलाही वाटत होतं, की नाही, दोष गाडीतच निघावा. बोल्ट आवळताना मी मनात तेच म्हणत होते."

मग अलगद रडला. पुरुषमाणूस वगैरे काही आडवं आलं नाही. बायकोनं त्याचा उजवा हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरला, तर तो तिथंही हलत होता. जरा वेळानं तोच नाक पुसत म्हणाला, "दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला."

"पखाल मात्र झकास झाली," बायको म्हणाली. आता दोघंही हसली.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. थरथर कमी होईल म्हणाले, जाईलच असं म्हणाले नाहीत. डावा हात त्यांना ठणठणीत वाटला. ते बायकोनं नीट ऐकून ठेवलं. घरी आल्यावर तिनं उरलेले फुगे बाहेर काढले. कात्री धरलेला हात वस्तऱ्याला फार बुजत नाही. सुरुवातीचे फुगे तिनंही फोडले, पण पुढे फुटेनासे झाले. मग तिनं अलगदला खुर्चीत बसवलं. शिकल्यापासून दुसऱ्या कुणाच्या हातून त्याची दाढी झालेली नव्हती. "कातडी ताण, मग फिरव. दाबू नको, वजन वस्तऱ्याचंच पुरे," असं तो ओठ न हलवता सांगत होता. कातडी ताणायचं काम तिला जमेना, तेव्हा त्यानं स्वतःच डाव्या हातानं गाल ताणून धरला, आणि वस्तरा सरळ गेला.

तोवर ड्रायव्हरकाकांची दाढी बरीच वाढली होती. दुसऱ्या न्हाव्याला बोलावलं तर काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, असा सुनेचा निरोप आला. अलगदला जायचं नव्हतं. बायकोनं पिशवी भरली आणि गाडीपाशी जाऊन उभी राहिली. मग त्याला जावंच लागलं.

जिन्याखाली तो या वेळी थांबला नाही. खोलीत जाऊन त्यानं काकांच्या पलंगाशी खुर्ची ओढली, आणि उजवा हात खिशातून काढून त्यांच्यासमोर धरला.

"काका, त्या दिवशी मी गाडीवर ढकललं. गाडीचं काही नव्हतं. हे आहे," तो म्हणाला. "आता वस्तरा ही माझी बायको धरेल. मी नुसता गाल ताणून धरीन. ही नवी आहे, पण हात चांगला आहे. तुम्हाला नको असेल तर तसं सांगा, आम्ही जाऊ. मला राग यायचा नाही."

काकांनी त्या हलणाऱ्या हाताकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. सून दारात उभी होती, तिनं आपला पदर घट्ट धरला होता. काकांनी चांगला हात हळूहळू उचलला, अलगदचा तो हात धरून आपल्या छातीवर ठेवून घेतला, आणि हनुवटी वर करून गळा पुढे केला.

बायकोनं वस्तरा उघडला.