काकूंनी आज नाव घेतलं

मंडळी, भिवंडीत मी बायकांना इंग्रजी शिकवते. आज ‘ही’ आणि ‘शी’ चाललं होतं. आधी घरच्या माणसाचं नाव घेऊन एक वाक्य, मग नावाच्या जागी ‘ही’ किंवा ‘शी’.

अंजूरच्या काकूंनी थेट सुरुवात केली, “ही लाइक्स फिश.”

“काकू, आधी नाव!”

“नवऱ्याचं नाव कसं घेऊ? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच.”

काका गेल्या वर्षी वारले. मी म्हटलं, राहू दे. पण काकूच हळू म्हणाल्या, “दामोदर लाइक्स फिश.” मग परत एकदा, नुसतंच, “दामोदर.”

पुढे त्यांनी जे विचारलं, त्याचं उत्तर तुम्हाला सुचलं तर सांगा.

“ताई, ते होते तेव्हा अशी हाक मारली असती, तर ओ दिली असती ना त्यांनी?”