डिस्कोवरचा झिम्मा

शैलाकाकूंचा फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवेवरचं बर्फ उपसून नुकतीच आत आले होते. "सुलू, हे गेले गं..." एवढंच बोलल्या. मनोहरकाकांना जाऊन आता सहा आठवडे झाले. लिहायला बसले ती रडतच, पण काका आठवले की मला आधी हसू येतं, त्याला माझा इलाज नाही.

काका मूळचे नागपूरचे, इथे ट्रॉयमध्ये मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. सगळी अमेरिका डिस्कोवर थिरकत होती तेव्हा ते घर, नोकरी आणि ग्रीन कार्डात अडकलेले. जरा हात मोकळे झाले आणि ऐन चाळिशीत त्यांनी डिस्को शिकायला घेतला, तोवर लोकांनी त्याचा नाद सोडलेला! क्लब बंद पडत होते, रेकॉर्डची खोकीच्या खोकी कचऱ्यात निघत होती. काका ती उचलून घरी आणत. वरातीमागून घोडं, असं सगळे चिडवायचे. काका खुशाल हसायचे.

मी लग्न होऊन आले ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. अनिल दिवसभर ऑफिसात, मी खिडकीत. वर्षभरात माझा धीर सुटला आणि मी परतीचं तिकीट काढलं, कायमचं. अनिलखेरीज कोणाला बोलले नव्हते. त्याच आठवड्यात काकूंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मनातल्या मनात निरोप घ्यावा म्हणून गेले.

वाण लुटून झालं आणि काकांनी आम्हा बायकांना बेसमेंटमध्ये बोलावलं. रेकॉर्ड लागली, धडधड ठेका सुरू झाला. आम्ही पदर सावरत भिंतीला चिकटून उभ्या.

"अहो, बघता काय? मंगळागौर विसरलात का? झिम्मा धरा याच्यावर!"

त्यांची मीना जिन्यावरून ओरडली, "बाबा, डिस्को इज डेड!"

"मेला तर मेला. तेरावं होईपर्यंत तरी नाचू दे की यार!"

आणि खरंच बसला की हो झिम्मा त्या ठेक्यावर! मग फुगड्या झाल्या, कोणाचा अंबाडा सुटला, कोणाची पिन तुटली... "सुलू, तू पुढे ये, तुझा पाय झकास पडतोय," काका म्हणाले. वर्षभरात मला कोणी असं नावाने पुढे बोलावलं नव्हतं. परतताना गाडीत मी अनिलला म्हटलं, "तिकीट कॅन्सल कर."

काकांना हे मी कधीच सांगितलं नाही. वाटायचं, त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, आपण काय केलं ते.

मागच्या रविवारी काकूंकडे गेले. खाली बेसमेंटमध्ये बसलो. इथे घरोघरी खाली जाड कार्पेट असतं, यांच्याकडे मात्र उघडं सिमेंट. इतक्या वर्षांत मनात आलं नव्हतं, त्या दिवशी सहज विचारलं.

"होतं की कार्पेट, चांगलं नवं कोरं," काकू म्हणाल्या. "त्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी ह्यांनी उखडलं. मी केवढी भडकले! तर म्हणाले, अनिलचा फोन आलाय, सुलू कायमची चाललीय. कार्पेटवर पाय फिरत नाहीत गं, आणि त्या पोरीला उद्या नाचवायचंय..."

मी मोजे काढले आणि त्या गार सिमेंटवर अनवाणी उभी राहिले.