दैवशालाबाईंचे पहिले ताट

दैवशालाबाईंविरुद्ध मी दिलेला तक्रार अर्ज सव्वा पानाचा होता. भाषेत दोष काढायला जागा नव्हती. तीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ अर्ज केले: शाळेच्या गळक्या छताबद्दल, वेळेवर न येणाऱ्या बसबद्दल, मुख्याध्यापकपदाच्या यादीतून गळालेल्या माझ्या नावाबद्दल. त्यांतले बहुतेक रास्त होते आणि एकाचीही कुणी दखल घेतली नाही. ज्या एका तक्रारीची तातडीने दखल घेतली गेली, ती मात्र रास्त नव्हती. या बाईंची हकीगत सांगताना आरंभ तिथूनच करणे मला भाग आहे.

घनसावंगीहून गोदावरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिथे दैवशालाबाई अकरा वर्षे मुलांचा पोषण आहार शिजवतात. मदतीला कांताबाई. दीडशे मुलांची खिचडी, कधी वरणभात, कधी मटकीची उसळ. मोठी डेग दोघी मिळून उतरवतात. मुले जेवली, भांडी घासून झाली, की डेगेच्या बुडाला राहिलेली खरवड दैवशालाबाई उभ्या उभ्या खात. घरीही तीच रीत होती. नवरा, दोन मुलगे, सून, नातू यांचे झाल्यावर जे उरेल ते. चपला घालत त्याही नवऱ्याने टाकलेल्या, दोन बोटे मोठ्या. हे सगळे मी अकरा वर्षे पाहत होतो असे म्हणणे खोटे ठरेल. माझ्या डोळ्यांसमोर ते होत होते, इतकेच.

गेल्या वर्षी श्रावणात त्या चुलीजवळ चक्कर येऊन पडल्या. आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरने रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन सातवर आलेले. सिस्टर त्यांना आमच्यादेखत रागावली, "मावशी, गोळ्या देते, पण गोळ्यांनी भागणार नाही. आधी जेवायचं, गरम जेवायचं आणि बसून जेवायचं. हे औषध आहे असं समजा."

"आधी म्हंजी कुणाच्या आधी?" दैवशालाबाईंनी विचारले.

"सगळ्यांच्या."

त्या हसल्या. मला वाटले, विषय तिथेच संपला. पण दुसऱ्या दिवशी खिचडी शिजल्यावर त्यांनी एका ताटात ती वाढून घेतली, वर कच्चे तेल आणि शेंगदाण्याची चटणी घेतली, आणि स्वयंपाकखोलीमागच्या कडुलिंबाखाली पोते अंथरून मांडी घालून बसल्या. पहिला घास घेताना डोळे मिटले. मी व्हरांड्यातून पाहत होतो.

त्यानंतर हा नेम कधी चुकला नाही. शेंगदाणे आणि गुळाची पुरचुंडी कनवटीला आली. केसांना तेल दिसू लागले. दिवाळीनंतर त्यांनी आपल्या मापाच्या चपला घेतल्या आणि दोन दिवस त्या सगळ्यांना पाय पुढे करून दाखवल्या. घरीही त्या पहिल्या पंगतीला बसू लागल्या, असे कांताबाईने शाळेत येऊन सांगितले.

"सासू पहिल्या ताटाला बसली तर सुनंनं काय करावं?" कुणीतरी टोमणा मारला.

"तिनंबी बसावं," दैवशालाबाई म्हणाल्या. "भाकरी काय पळून चालली का?"

संक्रांतीपर्यंत त्यांच्या तोंडावर तजेला आला. डेग उतरवताना त्या गुणगुणत. मुलांवर खेकसणे थांबले. उलट वाढताना प्रत्येकाची थट्टा सुरू झाली. शाळेत सर्वांना हे आवडले. मला सहन झाले नाही, आणि ते का झाले नाही याचा शोध मी तेव्हा घेतला नाही. मी सकाळी घरून निघताना उभ्याने चहा पितो. दुपारी वर्गातच वह्या तपासता तपासता डबा संपवतो. भाजी कोणती होती ते संध्याकाळी सांगता येत नाही. बायकोने त्याबद्दल बोलणे सोडून दिले आहे. अशा माणसाच्या समोर एक बाई रोज अर्धा तास, कुणाचीही परवानगी न घेता, सुखाने जेवत होती.

मी अर्जात लिहिले: "मुलांसाठी आलेल्या धान्यातून शिजवलेले अन्न स्वयंपाकी महिला मुलांच्या आधी, पूर्ण ताट वाढून घेऊन सेवन करते. ही बाब शिस्तीस व संस्कारास बाधक आहे."

जी गोष्ट मी लिहिली नाही तीही सांगितली पाहिजे. मुलांना वाढण्याच्या अर्धा तास आधी एका शिक्षकाने अन्न चाखायचे आणि चव नोंदवहीत शेरा लिहून सही करायची, असा नियम आहे. ते काम माझ्याकडे होते. मी सोमवारीच आठवडाभराचे शेरे लिहून टाकत असे: चव चांगली, चव उत्तम, चव चांगली. सहा वर्षांत मी स्वयंपाकखोलीचा उंबरा क्वचितच ओलांडला. एकदा दोघींनीही मीठ टाकल्यामुळे मुलांनी वरणभात तसाच ठेवला होता. त्या दिवसाच्या रकान्यात माझ्या सहीने "चव उत्तम" आहे. बोलणी दैवशालाबाईंनी खाल्ली.

फेब्रुवारीत शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली. अध्यक्ष बद्रीनाथ अण्णा, मुख्याध्यापिका प्रियदर्शनी मॅडम, काही पालक. इतिवृत्त लिहायला मी. समितीने ठरवले तर जूनपासून या कामावर दुसरी बाई येऊ शकत होती, हे तिथे सर्वांना ठाऊक होते.

"दैवशालाबाई, लेकरांच्या आधी जेवता म्हणं तुम्ही?" अण्णांनी विचारले.

"जेवते."

"रोज?"

"रैवारी साळा बंद ऱ्हाती, अण्णा."

पालक हसले. अण्णांनाही हसू आले, ते त्यांनी मिशीत दाबले. "तसं न्हाई. सरांनी लेखी दिलंय. लेकरं उपाशी आन् आपण आधी जेवायचं, बराबर दिसतं का?"

"लेकरं उपाशी न्हाईत ऱ्हात, अण्णा. एकबी दिस कमी पडलं असंल तर सांगा. सिस्टरनं सांगितल्तं म्हणून बसले. मंग कळलं, आपल्याला भूक लागती. इतकी वर्सं कळलंच नव्हतं."

दारात उभी असलेली कांताबाई मध्येच बोलली. "आन् सरांना इचारा की, चव कोण घेतं ते! वहीवर सही कुणाची आन् खाऊन बघतं कोण? हिनं खाल्लं म्हणून तर पुन्यांदा लेकरांनी ताटं टाकली न्हाईत."

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. माझे कान तापले होते.

"कांता, गप ऱ्हाय," दैवशालाबाई म्हणाल्या. "सरांच्या सहीचं सरांनी बघावं. मी माझ्या भुकेचं सांगाया आल्ते."

त्या क्षणी मला बोलता आले असते. मी मान खाली घातली आणि वहीत लिहिले: "काही अप्रस्तुत मुद्दे उपस्थित झाले." ठराव असा झाला की स्वयंपाकी महिलांनी मुलांचे जेवण झाल्यावरच जेवावे, अन्यथा जूनपासून अन्य व्यवस्था करण्यात येईल. दैवशालाबाईंनी खाली सही केली. सावकाश, एकेक अक्षर जोडून, पूर्ण नाव. सहीसाठी मीच दिलेले पेन मला त्यांच्या हातातून परत घ्यावे लागले.

लिंबाखालचे पोते दुसऱ्या दिवसापासून दिसेनासे झाले. त्या पुन्हा शेवटी जेवू लागल्या, आणि उन्हाळा लागल्यावर बहुधा तेही नाही, कारण भांडी घासून होईपर्यंत अन्नाची इच्छाच उरत नसे. गुणगुणणे थांबले. मार्चच्या अखेरीस एका दुपारी नळाजवळ गर्दी दिसली म्हणून मी गेलो. रिकामी डेग आडवी पडली होती आणि दैवशालाबाई ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ पांढरे. कांताबाई पदराने वारा घालत होती. तिने माझ्याकडे वर पाहिले.

"या सर. बघा तुमचा नियम. शेरा ल्ह्या त्याच्यावर."

चौथीतल्या मुली माझ्याकडे पाहत होत्या. रोज परिपाठाला त्यांना खरे बोलावे असे सांगणारा मी तिथे उभा राहिलो, आणि पाणी आणायलाही मला सुचले नाही. एका मुलीने आपली बाटली पुढे केली.

त्या संध्याकाळी मी अर्ज लिहायला बसलो. इतरांची तक्रार करताना जी वाक्ये आपोआप सुचतात, त्यांतले एकही सुचेना. तीन कागद फाडले. अखेरीस लिहिले की सहा वर्षे मी अन्न न चाखता सह्या केल्या. त्यांतले काही महिने माझे काम दैवशालाबाई करत होत्या. माझी तक्रार मुलांच्या हितासाठी नव्हती, त्या बाईंचे सुख मला पाहवले नाही म्हणून होती. शेवटचे वाक्य दोनदा खोडले आणि तिसऱ्यांदा लिहून तसेच राहू दिले.

प्रियदर्शनी मॅडमनी अर्ज वाचून विचारले, "हे वर पाठवावं लागेल. पाठवू?"

"पाठवा."

मला कारणे दाखवा नोटीस आली. चव नोंदवहीचे काम काढून दुसऱ्या शिक्षिकेकडे दिले गेले. एप्रिलच्या बैठकीत माझा अर्ज मोठ्याने वाचण्यात आला. अण्णांनी मधेच चष्मा काढून माझ्याकडे पाहिले आणि उरलेला कागद मॅडमकडे वाचायला दिला. जुना ठराव रद्द झाला. स्वयंपाकी महिलांनी अन्न शिजताच, वाढण्यापूर्वी, बसून जेवून घ्यावे, असे नव्याने लिहिले गेले. इतिवृत्त लिहायला या वेळी मी नव्हतो.

आठवड्याने मी स्वयंपाकखोलीमागे गेलो. दैवशालाबाई आणि कांताबाई दोघी लिंबाखाली बसल्या होत्या, समोर वरणभाताची ताटे. मी काय बोलायचे ते मनात घोळवून आलो होतो. "बाई, माझ्या हातून मोठा अन्याय झाला," मी म्हणालो, "मी आपली क्षमा..."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. आपुलकीही नव्हती, आणि ती असावी अशी अपेक्षा करण्याचा मला अधिकार नव्हता.

"कळलं सर," त्या म्हणाल्या. "पण माझं ताट गार होऊन राह्यलंय."

मी बाजूला झालो. त्यांनी भातावर वरण घेतले, कांताबाईकडून मिरची मागितली आणि जेवू लागल्या.

मी वर्गात परत आलो. माझा डबा टेबलावर होता, वह्या शेजारी. वह्या बाजूला केल्या आणि डबा उघडला. भोपळ्याची भाजी होती. ती मला रुचली नाही. पण भोपळ्याची होती, हे त्या दिवशी माझ्या लक्षात राहिले.